पाच-आठ-पंचेचाळीस

१

अरुण देवस्थळी सापडला तो शुक्रवारी दुपारी चार वाजता. दुबईत अल कुसैसमधल्या संग्रहालयाच्या गोदामात दोन पुरुष उंचीवर एक लोखंडी माळा होता. अरुणचं टेबल त्या माळ्यावर होतं आणि अरुण खाली सिमेंटच्या फरशीवर पालथा पडला होता. पोलिसांनी येऊन पाहिलं, तेव्हा त्याला जाऊन तीन तास तरी झाले होते.

प्रमिला राजाध्यक्षला ही बातमी शनिवारी सकाळी कळली. फोन शैलेंद्र खरेचा होता. संग्रहालयाचा डायरेक्टर तोच, आणि खाली पडलेल्या अरुणला पहिल्यांदा पाहणाराही तोच.

"प्रमिला, अरुण गेला," एवढंच तो म्हणाला.

प्रमिला जुने कागद दुरुस्त करायची. वाळवीने खाल्लेली, पाण्यात भिजलेली, घडीवर तुटलेली पानं तिच्याकडे यायची आणि धड होऊन परत जायची. मुंबईत अरुणच्या शेजारच्या टेबलावर तिने अकरा वर्षं काढली होती. तिला दुबईला आणणाराही अरुणच. फोन ठेवल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर आदल्या दिवशीचा न ऐकलेला एक व्हॉइस मेसेज उघडला. शुक्रवारी दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी आलेला.

अरुणचा आवाज घाईतला होता, आणि खुशीतला. "प्रमिला, एक कागद आलाय. तळहाताएवढा आहे, पण भिंत पाडेल. शैलेंद्रला कळवलंय. तू उद्या ये, बोटांनी बघ."

सोमवारी शैलेंद्रने तिला गोदामात बोलावलं. प्रदर्शन दहा दिवसांवर आलेलं, त्यातल्या कागदांची अरुणची यादी अर्धवट राहिलेली. ती तिच्याशिवाय कोण पुरी करणार होतं?

माळ्यावर अजून पोलिसांची पट्टी लटकत होती. टेबलावर सगळं होतं तसंच होतं. मधोमध उशीवर जनरल वेदरबीची डायरी उघडी पडली होती. या अमेरिकन सेनानीने १९४५ साली जर्मनीतले युद्धाचे शेवटचे शंभर दिवस रोज लिहून ठेवले होते, आणि अख्खं प्रदर्शन त्या डायरीभोवती उभं होतं. प्रमिलाने वाकून उघडं पान वाचलं. आठ मे. युरोपातलं युद्ध संपल्याचा दिवस. 'बव्हेरिया. सकाळपासून शरणागती स्वीकारतो आहे. दिवसभर छावणीबाहेर पाऊल टाकलं नाही.'

"हे पान कुणी उघडलं?" तिने विचारलं.

"कॅटलॉगचे फोटो काढायचे होते ना," शैलेंद्र म्हणाला. "अरुणनेच काढलं असणार."

"आणि तो छोटा कागद? जो कुणीतरी आणला होता?"

शैलेंद्रने मान खाली घातली. "तो कागदही नाही आणि तो माणूसही इथे नाही. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधला आहे, भिकाजी घाणेकर. काल पोलिसांनी धरला. आपलाच माणूस, कोकणातला. वाईट वाटतं."

२

भिकाजीची गोष्ट गोदामात सगळ्यांना पाठ होती, कारण आठवड्यापूर्वी तो रिकाम्या हाताने आला होता आणि रिसेप्शनवर बसून त्याने ती सगळ्यांना सांगितली होती. त्याचा आजा, नाईक राघोजी घाणेकर, मराठा पलटणीतून इटलीत लढला. एका नदीवर त्याने एका जखमी अमेरिकन लेफ्टनंटला पाठुंगळी मारून अलीकडे आणलं. तो लेफ्टनंट निघाला एका जनरलचा मुलगा. बाप मुलाला भेटायला दवाखान्यात आला आणि त्याने आज्याला चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली. तारीख पाच ऑगस्ट पंचेचाळीस. ती चिठ्ठी गावच्या घरात चौकटीत लटकत होती. साहेबांना चालत असेल, तर सुट्टीवरून परतणाऱ्या गाववाल्याबरोबर मागवून घेतो, असं भिकाजी म्हणाला होता.

"अरुण साहब ने उसको साफ बोला था," उझैर प्रमिलाला म्हणाला. तो गेटवरचा गार्ड, पेशावरकडचा. "अगस्त में तो उधर की जंग कब की खतम. बाजार में कोई नहीं पूछेगा. फिर भी ले आना, मैं देखूँगा."

पोलिसांनी त्यातून सरळ हिशेब मांडला होता. कागद विकला जाणार नाही म्हणून माणूस चिडला, झटापट झाली, ढकललं, कागद उचलला आणि पळाला. रजिस्टरमध्ये भिकाजी अकरा चाळीसला आत आल्याची नोंद होती. बाहेर गेल्याची नव्हती. भिकाजी म्हणत होता, बारा वाजून दहा मिनिटांनी निघालो, कागद साहेबांच्या हातात ठेवून. गेटवर कुणी नव्हतं.

"तुम उस वक्त गेट पर थे?" प्रमिलाने विचारलं.

"साढ़े बारह तक. फिर जुम्मे की नमाज़ को गया. लिखवाया है मैंने."

बाहेर जून महिना डांबर वितळवत होता. मशीद रस्त्याच्या पलीकडेच होती, अगदी लहान. प्रमिलाने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"उझैरभाई, साढ़े बारह बजे जाओ तो अंदर जगह मिलती है?"

उझैरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"देर से आने वाले बाहर धूप में बैठते हैं ना?"

"पाँव जलते हैं मॅडम," तो हळूच म्हणाला. "मैं बारह बजे निकलता हूँ. हर जुम्मे को. पौने दो बजे वापस. कंपनी को मालूम पड़ा तो नौकरी खलास. चार बच्चे हैं."

"वो आदमी जेल में है."

"मालूम है. उसकी बीवी गेट के नंबर पर रोज़ फोन करती है. मराठी बोलती है, मैं समझता नहीं. बस सुनता हूँ."

बारापासून पावणेदोनपर्यंत गेट उघडं होतं. म्हणजे भिकाजी खरं बोलत असू शकत होता. आणि म्हणजेच त्या पावणेदोन तासांत आणखी कुणीही आत येऊन गेलं असू शकत होतं.

३

फरदीन हा डायरी विकणारा. दुबईतच जन्मलेला, घराणं मूळचं इराणचं, बोलण्यात मध आणि बोटांत अंगठ्या. शुक्रवारी दुपारी तो शारजात एका लग्नाच्या जेवणात होता. दोनशे माणसांनी त्याला पाहिलं होतं.

"मॅडम, मेरा काम बेचना है," तो म्हणाला. "डायरी अमरीका से आई, जनरल के खानदान से. असली-नकली मैंने नहीं बोला. वो खरे साहब ने बोला, छह साल देखने के बाद. उन्हीं से पूछो."

"और भिकाजी का काग़ज़?"

"अगस्त वाला? मैंने देखा नहीं. देखकर क्या करता?"

त्याच्या बेफिकिरीचा प्रमिलाला राग आला, पण शंका आली नाही.

बुधवारी ती शैलेंद्रला अल बर्शात भेटली. मेट्रो स्टेशनजवळच्या एका उडपी हॉटेलात अरुण, शैलेंद्र आणि ती दर महिन्याला जेवत असत. आज तिसरी खुर्ची वेटरने आपणहून काढून नेली. शैलेंद्र दाढी न करता आला होता. पुण्यात इतिहास शिकवता शिकवता तो या वेदरबीच्या नादी लागला होता. त्या डायरीवरचं त्याचं पुस्तक प्रदर्शनाच्याच दिवशी निघायचं होतं.

"त्या दिवशी अरुणने तुला कळवलं होतं," ती म्हणाली.

"मिस्ड कॉल होता. मी घरी जेवत होतो. नंतर लावला तर उचलला नाही, म्हणून चारला गेलो." त्याने ताट पुढे सरकवलं. "उचलला असता तर, हे रोज मनात येतं."

"कागदात एवढं काय असेल रे?"

"काय असणार? एक कृतज्ञ बाप." शैलेंद्र खिडकीबाहेर पाहत राहिला. वर्गात बोलताना त्याचा आवाज असाच खोल होत असणार. "डोळ्यांसमोर आण ना. सगळ्या युरोपात माणसं रस्त्यावर नाचताहेत, अनोळखी पोरी सैनिकांचे मुके घेताहेत, आणि हा एवढा मोठा सेनानी दवाखान्यातल्या स्टुलावर बसून एका काळ्या नाईकाचे आभार मानतोय. बाजारात किंमत नसेल, पण माणूस म्हणून..."

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. अरुणलाही असंच बोलता यायचं, असं तिला वाटून गेलं.

त्या संध्याकाळी उझैरकडून नंबर घेऊन तिने भिकाजीच्या बायकोला फोन लावला. प्रभावती गुहागरजवळच्या गावात एकटीच राहत होती. मराठी आवाज ऐकताच ती आधी रडली, मग भराभर बोलू लागली.

"त्यांनी मुंगी मारली नाही ओ कधी. त्या कागदापायी मारतील? तो विकायचा नव्हताच. साहेब म्हणाले, लोकांसमोर काचेत ठेवू, आज्याचं नाव लिहू. म्हणून पाठवला मी."

"त्या कागदाचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

"नुसत्या कागदाचा नाही. पुतणीच्या लग्नात काढलेत, त्यात पाठी भिंतीवर दिसत असेल. शोधून धाडते."

४

फोटो गुरुवारी सकाळी आला. हळद लागलेली नवरी, तिच्या मागे निळी भिंत, भिंतीवर चौकट. प्रमिलाने तो कॉम्प्युटरवर मोठा केला. अक्षरं फुटली, पण शाई गडद होती. तीन ओळी लागल्या. 'नाईक घाणेकर, तू माझ्या मुलाला उचलून आणलंस. मी विसरणार नाही.' खाली बोलोन्या, इटली. त्याखाली सही, आणि सहीखाली ५/८/४५.

सही तिच्या ओळखीची होती. गोदामात ती रोज समोर असायची. एल. वेदरबी.

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणजे भिकाजीच्या आज्याचा जनरल आणि डायरीतला जनरल एकच. अरुणला आनंद झाला असणारच. पण भिंत पाडेल? पाडण्यासारखं यात काय होतं? ऑगस्टपर्यंत जनरल इटलीत मुलाला भेटायला गेला असेल. डायरी तर मेमध्येच संपते. दोन्ही कागद एकमेकांच्या आड येत नव्हते.

शेजारच्या खोलीतून तिची मुलगी ईश्वरी आली. नववीतली, हातात शाळेचा कागद. "Aai, sign this please."

प्रमिलाने पेन उचललं. प्रोजेक्ट जमा करण्याची तारीख ६/९. "सहा सप्टेंबर? मग एवढी काय घाई? अजून तीन महिने आहेत."

"What? No, Aai. It's next Tuesday. June ninth."

"इथे सहा-नऊ लिहिलंय."

"It's an American school. Month first. How many times do I tell you?"

प्रमिलाने सही केली. कागद मुलीच्या हातात दिला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पाच-आठ-पंचेचाळीस.

घाणेकरांच्या घरात तो पाच ऑगस्ट होता, कारण आपल्याकडे दिवस आधी लिहितात. पण लिहिणारा घाणेकर नव्हता, अमेरिकन होता. त्याने महिना आधी लिहिला होता.

आठ मे.

ज्या दिवशी डायरीतला वेदरबी बव्हेरियात छावणीबाहेर पाऊल टाकत नव्हता, त्या दिवशी खरा वेदरबी आल्प्सच्या पलीकडे, इटलीतल्या दवाखान्यात मुलाच्या उशाशी बसला होता. ऐंशी वर्षं कोकणातल्या भिंतीवर लटकणारी चिठ्ठी कुणी कशाला खोटी करेल? खोटी होती ती डायरी. अरुणने ती आठ मेच्या पानावर का उघडली होती, तेही आता कळलं. तो दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणाला तरी दाखवत होता.

आणि मग तिला उडपी हॉटेलातलं वाक्य आठवलं.

५

शनिवारी सकाळी ती शैलेंद्रच्या केबिनमध्ये गेली. दार तिने मुद्दाम पुरतं लावलं नाही. पुस्तकाची पहिली प्रत टेबलावर होती. मुखपृष्ठावर डायरीचं पान.

"कागद तू पाहिला नाहीस, असं म्हणालास," ती उभ्यानेच बोलली.

"नाहीच पाहिला."

"मग युरोपातली माणसं रस्त्यावर का नाचत होती?"

शैलेंद्रला कळलं नाही. किंवा त्याने तसं दाखवलं.

"भिकाजीने तुम्हा सगळ्यांना पाच ऑगस्ट सांगितलं होतं. उझैर ऑगस्ट म्हणतो, फरदीन ऑगस्ट म्हणतो. तू एकटाच बुधवारी जेवताना त्या चिठ्ठीला युद्ध संपल्याच्या दिवशी नेऊन ठेवलंस. पाच ऑगस्टला कोण नाचत होतं शैलेंद्र? दुसऱ्या दिवशी हिरोशिमा होतं. ती तारीख आठ मे आहे, हे चिठ्ठी डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच कळेल. ती अमेरिकन हातची आहे, वेदरबीच्या हातची, हे ओळखणाऱ्याला."

"बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो."

"बोलतो. म्हणून मी तपास करणाऱ्या पोलीस लेफ्टनंटसाहेबांना भेटले. त्यांनी सालिकची, टोलची नोंद काढली. तू घरी जेवत होतास त्या शुक्रवारी बारा पस्तीसला तुझी गाडी शेख झायेद रोडवरच्या टोल गेटखालून कुसैसच्या बाजूला गेली. दीड वाजता परत आली."

शैलेंद्रने पुस्तक उचललं, उलटं करून ठेवलं. मग बोलला, तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

"डायरी खोटी आहे, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. एवढं तरी खरं मान."

"मानते."

"तो हसत होता गं. म्हणाला, बघ, खरा वेदरबी सापडला. लहान पोराला खेळणं मिळावं तसा. मी म्हटलं, सहा वर्षं घातलीत मी, प्रदर्शन होऊ दे, मग बघू. तो म्हणाला, आजच कळवू, खोटं एक दिवससुद्धा काचेत ठेवायचं नाही. कागद त्याच्या हातात होता. मी तो घ्यायला गेलो. तो मागे सरकला. माळ्याच्या कठड्याला एका जागी नुसती साखळी असते, ती लावलेली नव्हती." तो थांबला. "मी ढकललं की तो सरकला, मलाच नीट आठवत नाही."

"खाली गेलास?"

"श्वास चालू होता."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं असेल. दहा असेल. मी शेजारी बसलो होतो. फोन हातात होता."

दाराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शैलेंद्रने तिकडे पाहिलं आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"आणि भिकाजी?" ती म्हणाली. "तो तर नुसता आज्याची चिठ्ठी घेऊन आला होता."

"वाटलं होतं, पुराव्याअभावी सुटेल. इन्शाल्ला."

"कागद कुठे आहे?"

त्याने खालचा खण उघडला. चिठ्ठी जुने कागद जपायच्या आम्लविरहित कागदात गुंडाळलेली होती, वर सपाट राहावी म्हणून काचेचा तुकडा. अगदी नियमाप्रमाणे.

"जाळायला काढली होती," तो म्हणाला. "जमलं नाही. खरी आहे ना."

"एका जिवंत माणसाला तुरुंगात कुजू दिलंस, आणि कागदाला काच लावलीस," प्रमिला म्हणाली. तेवढ्यात लेफ्टनंट आत आला.

६

डायरी कुणी तयार केली, ते अजून कळलेलं नाही. फरदीनने हात वर केले आणि वकील पुढे केला. प्रदर्शन झालंच नाही. चिठ्ठी खटला संपेपर्यंत पोलिसांकडे राहणार होती. भिकाजी सुटला, पण कॅम्पवर पोचला तेव्हा कंपनीने त्याची नोकरी संपवून तिकीट काढून ठेवलं होतं. पकडला गेलेला माणूस त्यांना नको होता, मग तो निर्दोष का असेना.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी प्रमिला मुहैस्नाहला गेली. आठ जणांच्या खोलीत भिकाजी बॅगेला दोरी बांधत होता. त्रेपन्न वर्षांचा, हाडकुळा, कानावरचे केस पिकलेले. तिला बसायला त्याने स्वतःची खाट झटकून दिली.

"कागद परत मिळेल," ती म्हणाली. "वेळ लागेल. मी पाठपुरावा करीन."

"मिळेल तेव्हा मिळेल." त्याने दोरीची गाठ ओढली. "मॅडम, तुम्ही त्या जनरलचं सगळं वाचलंत. तो पोरगा जगला का?"

प्रमिलाने ते शोधलं होतं. त्याने विचारू नये, असंही तिला वाटलं होतं. "नाही. चिठ्ठीनंतर तीन दिवसांनी गेला. इटलीतच पुरलंय त्याला."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"बापाची भेट तर झाली," भिकाजी म्हणाला. मग विचारलं, "देवस्थळी साहेबांच्या घरी कोण असतं?"

"बायको. संपदा. पुढच्या आठवड्यात तीही भारतात परत चाललीये."

"मला तिथे न्याल का?"

प्रमिला चपापली. "कशाला? त्यांना इतके दिवस तुमचंच नाव सांगितलं होतं पोलिसांनी."

"म्हणूनच."

संपदाच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. संपदाने दार उघडलं, प्रमिलाला पाहिलं, मग तिच्या मागच्या माणसाला, आणि कोण असेल ते ओळखून चौकटीला धरून उभी राहिली.

भिकाजीने चपला बाहेर काढल्या, पण उंबरा ओलांडला नाही.

"ताई, मी आत येत नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी साहेबांनी मला स्वतःचा डबा दिला. म्हणाले, तुम्ही खा, मला आज भूक नाही, आनंद झालाय. मी त्यातली भाजी-भाकरी खाल्ली आणि डबा धुऊन ठेवला. पोलिसांना हे सांगितलं, पण त्यांनी लिहून घेतलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून आलो."

संपदाने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.